‘एक हितचिंतक’ : एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचे स्मरण

(रुग्णालयाच्या सभागृहात फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या स्मृतिसभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालाच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची नामावली असते. ती आपण सर्वजण वाचता, हे आम्हाला ठाऊक आहे; कारण एखाद्याचे आडनाव चुकले की आठवड्याभरात आमच्याकडे दूरध्वनी येतो. या नामावलीत सन २००९-१० च्या अहवालापासून दरवर्षी एक नोंद न चुकता येत आलेली आहे : ‘एक हितचिंतक’. ते कोण, असे अनेकांनी आम्हाला विचारले. आम्ही उत्तर दिले नाही, कारण तसा शब्द दिलेला होता.

ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, तेच ते हितचिंतक. अहवालात नाव छापू नये, ही त्यांची अट त्यांच्या मुलांनी त्यांच्या पश्चातही कायम ठेवण्यास सांगितली आहे. कायद्यानुसार देणगीदाराचे नाव व पत्ता विश्वस्त संस्थेने आपल्या दप्तरी ठेवावा लागतो. तो आम्ही ठेवला, परंतु छापला कधीच नाही. तेव्हा आजही आम्ही त्यांना, रुग्णालयात सर्वजण म्हणत तसे, ‘साहेब’ एवढेच म्हणू. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ते कोण हे माहीत आहे, आणि हा अहवाल पुढे जे वाचतील त्यांना नावावाचून काही अडणार नाही.

साहेबांचा जन्म १९४६ चा. १९६९ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक म्हणून खात्यात दाखल झाले. नाशिकला प्रशिक्षण झाले आणि पुढली पस्तीस वर्षे महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत नोकरी करून २००४ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते पोलीस उपअधीक्षक या पदावरून निवृत्त झाले. त्यांच्या सेवेतील शोधांच्या व पारितोषिकांच्या कथा त्यांनी आम्हाला कधी ऐकविल्या नाहीत. कोणी आग्रह केलाच तर म्हणत, “ते सगळं सेवापुस्तकात आहे. तिथं नाही ते विचारा.”

सेवापुस्तकात नव्हते ते घर. पोलिसाच्या घरी सण कसे होतात, हे ज्यांच्या घरात पोलीस आहे त्यांनाच कळते. आषाढीला पंढरपूरचा बंदोबस्त, गणपतीला मिरवणुकीचा बंदोबस्त, दिवाळीला गस्त, निवडणूक आली की रजा बंद. मुलांच्या शाळेची आबाळ होऊ नये म्हणून पुढे कुटुंब साताऱ्यास स्थिर केले आणि साहेब एकटेच बदलीच्या गावी राहू लागले. त्यांच्या कन्येने आम्हाला एक पत्र्याची पेटी दाखविली. तीत अंतर्देशीय पत्रे आहेत. मुले आपल्या वहीतील गणिते पत्रात उतरवून पाठवीत आणि साहेब ती तपासून, चुकलेल्या पायरीखाली रेघ मारून, पुढच्या टपालाने परत करीत. उत्तर कधीही लिहून देत नसत. एका पत्राच्या कडेला लिहिले आहे, “आईला सांगा, या महिन्यात नक्की येतो.” त्याच्या पुढच्या पत्रातही तेच वाक्य आहे, आणि त्याच्या पुढच्याही.

निवृत्तीनंतर साहेब म्हणत असत, “माझ्यावर घराची पस्तीस वर्षांची थकबाकी आहे.” आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, थकबाकी हा शब्द आमच्या रोजच्या व्यवहारातला. ती इतक्या निष्ठेने फेडणारा मनुष्य मात्र आम्ही दुसरा पाहिला नाही.

ती फेडण्याची वेळ फार लवकर आली. २००८ मध्ये त्यांच्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि मंगळवार व शुक्रवार असे आठवड्यातून दोनदा त्यांना आपल्या रुग्णालयात डायलिसिससाठी यावे लागू लागले. आपल्यापैकी अनेक कुटुंबे यातून गेली आहेत. एका वेळी चार तास यंत्राला जोडून पडून राहावे लागते, परंतु खरी परीक्षा घरी असते. पाणी मोजून प्यायचे, मीठ तोलून खायचे, नारळपाणी वर्ज्य, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचे. ज्या मनुष्याने आयुष्यात चहासुद्धा स्वतः केला नव्हता, तो वयाच्या ६२ व्या वर्षी आहारतज्ज्ञ भगिनींसमोर वही घेऊन बसला. पहाटे उठून भाज्या चिरणे, त्या उकळून निथळणे हे काम त्यांनी कोणावरही सोपविले नाही. दिवसभराचे पाणी ते सकाळीच एका तांब्यात मोजून ठेवीत आणि मातु:श्री जितके पीत तितकेच स्वतःही पीत. डॉक्टरांनी त्यांना रागावून सांगितले की निरोगी माणसाने असे करू नये. त्यानंतर त्यांनी त्यांच्यासमोर पाणी पिणे बंद केले आणि बाहेरच्या नळावर जाऊन पिऊ लागले. उन्हाळ्यात तहान असह्य झाली की बर्फाचा एक लहानसा खडा रुमालात धरून उशाशी उभे राहत. सहा वर्षे, म्हणजे २०१४ मध्ये मातु:श्रींचे निधन होईपर्यंत, हा क्रम चालला.

या चार-चार तासांच्या प्रतीक्षेतच साहेब आपल्या रुग्णालयाचे झाले. डायलिसिस विभागाचा व अपघात विभागाचा मार्ग एकच आहे. आपले रुग्णालय पुणे-बेंगळुरू महामार्गालगत असल्याने अपघाताचे रुग्ण रात्रंदिवस येतात. नातेवाईक भांबावलेले असतात. पंचनामा म्हणजे काय, जबाब कोणी द्यायचा, विम्यासाठी कोणता कागद लागतो, हे त्यांना ठाऊक नसते. साहेब बाकावरून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसू लागले. प्रारंभी आमच्या कर्मचाऱ्यांना ही लुडबूड वाटली. खरे सांगायचे तर आम्हालाही वाटली.

आमचे मत पालटले ते २००९ च्या पावसाळ्यात. ती हकिगत आज सांगणे आम्हास सुखाचे नाही, परंतु ती वगळून साहेबांचे स्मरण करणे हा अप्रामाणिकपणा होईल.

एका रात्री भाजीपाल्याच्या टेम्पोचा चालक एका जखमी तरुणाला घेऊन आला. तरुण बेशुद्ध होता. डॉक्टरांनी त्याला तत्काळ आत घेतले. उपचारात कसूर झाली नाही. परंतु खिडकीवरील आमच्या कर्मचाऱ्याने, आम्हीच घालून दिलेल्या नियमानुसार, टेम्पोचालकापुढे अर्ज ठेवला आणि अनामत रकमेची विचारणा केली. पोलीस येईपर्यंत थांबावे लागेल, असेही सांगितले. तो बिचारा घाबरला आणि अंधारात टेम्पो घेऊन निघून गेला. अपघात कोठे झाला, मुलगा कोणत्या बाजूने येत होता, बरोबर कोणी होते काय, हे सांगू शकणारा एकमेव माणूस आम्ही गमावला. मुलाच्या खिशातील कागद भिजून लगदा झाले होते. आम्ही ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे २२’ अशी नोंद केली, पोलीस ठाण्यास रीतसर कळविले आणि कर्तव्य पूर्ण झाले असे मानले. दुसऱ्या रात्री तो मुलगा गेला. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. चाळीस किलोमीटरवरच्या गावातून, तीन रुग्णालये पालथी घालून ती माउली आली होती. ती रडली नाही. आम्हाला एवढेच म्हणाली, “दोन दिवस हितंच होता, आन् कुनी त्याला नावानं हाक नाही मारली?”

तो शुक्रवार होता. साहेब बाकावर होते. त्यांनी आम्हाला काही बोल लावला नाही. संध्याकाळी आमच्या कार्यालयात आले आणि समोर बसून म्हणाले, “टेम्पोवाल्याची चूक नाही. आमच्या खात्यानं लोकांना भ्यायला शिकवलं, तुमच्या खिडकीनं त्यात भर घातली. तुमचा हिशेब बरोबर आहे, नोंद चुकली.” आणि मग, न विचारता, त्यांनी आम्हाला १९९३ सालची गोष्ट सांगितली.

त्या वर्षी ते लातूर जिल्ह्यात निरीक्षक होते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. रात्रभर विसर्जनाचा बंदोबस्त करून पोलीस अजून घरी पोहोचले नव्हते, तोच ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास धरणीकंप झाला. किल्लारी व परिसरातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे मातीचे छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले होते. साहेब मिरवणुकीच्या गणवेशातच तेथे पोहोचले. जखमींना मिळेल त्या वाहनातून लातूर, उमरगा, सोलापूर येथे पाठविले जात होते. कोण कोठे गेला, याचा पत्ता लागत नव्हता. एकाच घरातील बाप एका गावच्या इस्पितळात आणि मूल दुसऱ्या गावच्या, अशी स्थिती. साहेबांनी आपल्या शिपायांना सांगितले, वाहन हलण्यापूर्वी प्रत्येकाच्या दंडाला चिठ्ठी बांधा. नाव, गाव, बापाचे नाव. शुद्धीत नसेल तर कोणत्या घरातून काढला ते लिहा.

इकडे साताऱ्यास मुलगी बारावीत, मुलगा आठवीत, आणि मातु:श्री आकाशवाणीच्या बातम्यांना कान लावून बसलेल्या. साहेबांना दोन दिवस घरी निरोप पाठविण्याचे भान राहिले नाही, आणि भान आले तेव्हा दूरध्वनी लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरून साताऱ्यास निरोप धाडला. निरोप घेऊन एक हवालदार दारी गेला. दारात गणवेशातला मनुष्य उभा पाहताच मातु:श्री उंबऱ्यावरच खाली बसल्या. हवालदाराने आधी नमस्कार केला, मग आपले नाव सांगितले, मग ठाणे सांगितले, आणि साहेब सुखरूप आहेत हे सर्वांत शेवटी सांगितले. “तेवढ्या वेळात,” साहेब म्हणाले, “ती विधवा होऊन परत सवाष्ण झाली. त्या दोन दिवसांची भरपाई मला करता आली नाही. दुसऱ्याच्या घरी तरी ते दिवस येऊ नयेत, एवढंच.”

त्यांच्या त्या बोलण्यातून आपल्या रुग्णालयात तीन गोष्टी सुरू झाल्या. त्या आजही सुरू आहेत.

पहिली, अनोळखी रुग्णांची नोंदवही. पोलिसी तपासाचे सारे ज्ञान साहेबांनी तीत ओतले. सदऱ्याच्या कॉलरला शिंप्याची पट्टी असते, तीवर गाव असते. धोब्याची खूण असते. एसटीचे तिकीट ओले असले तरी फेकू नये, वाळवावे. कोठून कोठवर प्रवास झाला ते त्यावरून कळते. बाईच्या हातावर पुष्कळदा नवऱ्याचे नाव गोंदलेले असते. गळ्यातला ताईत कोणत्या देवस्थानाचा आहे, तळहाताचे घट्टे कोणत्या कामाचे आहेत, हे पाहावे. भ्रमणध्वनी फुटला असेल तर आतील सिम कार्ड दुसऱ्या यंत्रात घालून वाट पाहावी. घरचे लोक फोन करतातच. आणि जोवर नाव कळत नाही तोवर परिचारिकांनी रुग्णाला ‘अनोळखी’ म्हणू नये; ‘दादा’, ‘बाबा’, ‘मावशी’ अशी हाक मारावी. बेशुद्ध माणसालाही हाक मारावी, हा त्यांचा आग्रह होता.

दुसरी, नातेवाइकांना फोन करण्याची पद्धत. अपघात विभागातील दूरध्वनीच्या वर एक पाटी आहे, ती आपण पाहिली असेल : ‘आधी जीव, मग जागा, मग जखम.’ पहिले वाक्य ‘तुमचा माणूस जिवंत आहे’ हेच असले पाहिजे. रुग्णालयाचे नाव, फोन करणाऱ्याचे नाव, सर्व त्यानंतर. आणि माणूस जिवंत नसेल तर ते फोनवर सांगू नये. त्या घरातील कर्त्या माणसाला किंवा गावच्या पोलीस पाटलाला गाठावे. जवळचे गाव असेल तर असा निरोप घेऊन साहेब कित्येकदा स्वतः गेले. जाताना ते नेहमी साधा सदरा घालीत.

तिसरी गोष्ट खिडकीची. अपघाताच्या रुग्णावर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता तत्काळ उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच दिला होता. उपचाराबाबत आपण तो पाळत होतो. परंतु रुग्ण आणणाऱ्या माणसाविषयी आपण कधी विचारच केला नव्हता. २००९ पासून आपण त्याच्याकडे अनामत मागणे बंद केले. त्याला प्रथम बसायला खुर्ची आणि चहा दिला जातो, अपघाताचे ठिकाण विचारले जाते, आणि नाव सांगण्याची सक्ती केली जात नाही. विश्वस्त मंडळापुढे हा ठराव आम्ही भीतभीतच ठेवला होता, कारण त्यामुळे बुडीत रकमा वाढतील अशी आम्हाला शंका होती. मंडळाने तो एकमताने संमत केला, याबद्दल आम्ही आजही कृतज्ञ आहोत. पुढे ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. त्या दिवशी साहेब पेढे घेऊन आले. “तुमची खिडकी कायद्याच्या दहा वर्षं पुढे होती,” असे ते खिडकीवरील कर्मचाऱ्याला म्हणाले. श्रेय त्यांचे होते. दिले मात्र त्याला.

आता ‘एक हितचिंतक’ या नोंदीविषयी. धर्मादाय रुग्णालय म्हणून १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखण्याचे आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करण्याचे बंधन आपण पाळतो. आमची समजूत अशी की उपचार मोफत झाला म्हणजे अडचण संपली. साहेबांच्या लक्षात आले की काही रुग्ण मोफत डायलिसिस असूनही मधूनच येत नाहीत. त्यांनी विचारपूस केली. कारण निघाले एसटीचे भाडे. रुग्ण आणि सोबतीचा एक माणूस, आठवड्यातून दोनदा जाणे-येणे, त्यात सोबत्याचा रोजगार बुडालेला. निवृत्तिवेतन जमा झाले की साहेब दर महिन्यास एक पाकीट आमच्याकडे देऊ लागले. त्यातून रुग्णांना प्रवासभाडे द्यायचे. आम्ही लेखापरीक्षकांचा प्रश्न उपस्थित केला : या खर्चाला प्रमाणक कोणते? त्यांनी हसून सांगितले, “वापरलेलं तिकीट परत घ्या आणि वहीत चिकटवा.” तेव्हापासून तिकिटांच्या त्या वह्या आमच्या कपाटात आहेत. लेखापरीक्षकांनी त्यांवर आजवर एकही शेरा मारलेला नाही.

२०१४ मध्ये मातु:श्री गेल्या. तेराव्यानंतरच्या मंगळवारी, नेहमीच्या वेळी, साहेब नेहमीच्या बाकावर येऊन बसले. आम्ही काय बोलावे ते सुचेना. तेच म्हणाले, “घरी दोन वार मोकळे झालेत. इथंच येईन म्हणतो.” पुढे दहा वर्षे ते मंगळवारी व शुक्रवारी येत राहिले. सकाळी नातवंडांना शाळेत सोडून येत आणि शाळा सुटण्यापूर्वी परत जात. त्या वेळेत विश्वस्तांची बैठक जरी असली तरी ते उठत. मुलांच्या शाळेच्या फाटकाशी आपण एकदाही उभे राहू शकलो नाही, नातवंडांच्या तरी राहू, असे त्यांचे म्हणणे होते. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा ७८ वर्षांचे साहेब नवे पुस्तक घेऊन आले आणि मरणोत्तर चौकशीचे जुने कलम १७४ आता नव्या संहितेत १९४ झाले आहे, असे आमच्या कर्मचाऱ्यांना एकेक करून समजावून सांगत बसले.

गेल्या जानेवारीत, एका पहाटे, झोपेतच त्यांचे निधन झाले. आमचा दूरध्वनी वाजला तो पहाटे साडेचारला. त्यांच्या कन्या बोलत होत्या. त्यांचा स्वर स्थिर होता. “बाबा गेले,” एवढे सांगून त्या म्हणाल्या, “नेत्रदानाला सहा तासांची मुदत असते ना? पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला आहे, पंखा बंद केला आहे. तुम्ही माणसं पाठवा.” हे सर्व वडिलांनी त्यांना आधीच शिकवून ठेवले होते. नेत्रदान वेळेत पार पडले.

त्या दिवशी मंगळवार होता. दुपारी डायलिसिस विभागात गेलो तेव्हा रुग्णांपैकी एका वृद्ध बाईंनी आम्हाला विचारले, “साहेब आज दिसले नाहीत?” आम्ही सांगितले. त्यांचा हात यंत्राला जोडलेला होता; दुसऱ्या हाताने त्यांनी उशाखालून एसटीचे तिकीट काढले आणि आमच्या हाती दिले. “वहीत लावा,” म्हणाल्या.

ते तिकीट आम्ही लावले आहे. प्रवासभाड्याचा निधी साहेबांच्या मुलांनी पुढे चालू ठेवला आहे, आणि नामावलीतील नोंदही पूर्वीप्रमाणेच ‘एक हितचिंतक’ अशी राहील. नोंदवही अपघात विभागात आहे. मंगळवारी व शुक्रवारी त्या बाकावर बसून नातेवाइकांना धीर देण्यासाठी आम्हाला स्वयंसेवक हवे आहेत. येथे उपस्थित असलेल्या निवृत्त मंडळींनी आठवड्यातील दोन तास दिले तरी ते मोठे दान होईल. त्यासाठी पोलिसात नोकरी केलेली असण्याची गरज नाही. आपले माणूस घरी परतण्याची वाट ज्यांनी कधी पाहिली आहे, त्यांना हे काम येते.

साहेबांच्या स्मृतीस आणि ज्यांनी पस्तीस वर्षे त्यांची वाट पाहिली त्या मातु:श्रींच्याही स्मृतीस रुग्णालय परिवारातर्फे विनम्र अभिवादन करून आम्ही आमचे मनोगत संपवितो.